खोताला इंग्रजीत काय म्हणावे?

मुंबई–गोवा महामार्गाने पेणहून निघून वडखळ मागे टाकले की गडब हे गाव लागते. या बाजूचा खारेपाट खाडीपर्यंत पसरलेला आहे. बांध घालून समुद्राच्या भरतीपासून राखलेली ही भातशेती. दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका कुटुंबाकडे तेथे जाण्याचा योग आला. घरातील नात महाविद्यालयात शिकते. गावच्या शेतीविषयी तिला इंग्रजीतून एक टिपण लिहावयाचे होते. आजोबा सांगत होते, ती लिहीत होती आणि शब्द अडला की माझ्याकडे पाहत होती. सेमिनरीत इंग्रजी आणि लॅटिन शिकलेल्या फादरांना हे सहज जमेल, अशी तिची समजूत!

'उघाडी'पर्यंत निभावले. ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला बाहेरचे पाणी अडविणारी बांधातील वाट, तिला 'स्लूस' म्हणता येते. 'खांड' पडली, म्हणजे बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले. त्यालाही 'ब्रीच' हा शब्द आहे. पुढे 'खोत' आला. मुलीने कोशात पाहून 'फार्मर' असे लिहून ठेवले होते. त्या वाक्याचा अर्थ मी सांगताच आजोबा उसळून म्हणाले, "खोत कवा शेतकरी झाला, फादर? शेतकरी आमी!"

आजोबांचे खरे होते आणि गंमत अशी की, कोशही खोटा नव्हता. मराठी–इंग्रजी कोश म्हटला की जेम्स टॉमस मोल्सवर्थ याचे नाव प्रथम येते. लष्करी अधिकारी म्हणून तरुणपणी हिंदुस्थानात आलेला हा इंग्रज मराठीच्या नादी लागला. जॉर्ज आणि टॉमस कँडी हे बंधू व शास्त्रीपंडित यांच्या साहाय्याने त्याने सिद्ध केलेला कोश १८३१ साली मुंबईत प्रसिद्ध झाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या सुमारे साठ हजारांवर गेली. एका मराठी शब्दापुढे एकच इंग्रजी शब्द ठेवून तो थांबत नाही. शब्दाच्या निरनिराळ्या छटा देतो आणि नेमका शब्द नसेल तेथे वर्णन करतो. 'खोत' या शब्दाचेही त्याने तसेच केले आहे. गावचा महसूल मक्त्याने घेणारा हा एक अर्थ आणि सरकारसाठी तो वसूल करणारा वंशपरंपरागत अधिकारी हा दुसरा.

यातील पहिल्या अर्थाला त्या काळच्या इंग्रजीत 'फार्मर' हाच शब्द होता. लॅटिनमधील 'फिर्मारे' म्हणजे पक्के करणे. त्यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'फिर्मा' म्हणजे ठरलेली, पक्की रक्कम. ती रक्कम भरून कराची वसुली स्वतःकडे घेणारा तो 'फार्मर'. पुढे ठरीव खंडाने जमीन कसणाऱ्यालाही तोच शब्द लागू झाला आणि कालांतराने त्याचा अर्थ 'शेतकरी' असा झाला. शब्द तोच राहिला. पण वसूल घेणाऱ्याच्या जागी वसूल देणारा येऊन बसला. आमच्या मुलीने शब्द बरोबर उचलला होता, फक्त त्याचे शतक चुकले होते.

ही केवळ भाषेची गंमत असती तर इतका विस्तार केला नसता. एकोणिसाव्या शतकात कोकणात जमिनीची पाहणी सुरू झाली तेव्हा सरकारपुढे हाच प्रश्न उभा राहिला. खोत म्हणजे कोण? तो जमिनीचा मालक असेल, तर कसणारा केवळ त्याच्या मर्जीवर राबणारा ठरतो. तो वसुलीचा मक्तेदार असेल, तर कसणाऱ्यालाही स्वतःचा हक्क असू शकतो. एका शब्दाच्या भाषांतरावर हजारो घरांची भाकरी अवलंबून होती. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारख्या विद्वान विधिज्ञांनी खोतांची बाजू हिरिरीने मांडली. कुळांची बाजू मांडावयास त्यांच्यातील लिहिता-वाचता माणूस क्वचितच होता. अखेर १८८० चा कायदा झाला, तेव्हा इंग्रजीतील त्या कायद्याने 'खोत' हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला.

नाव जागेवर राहिले, तसा जाचही राहिला. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार केला. पंचवीस गावांतील हा संप सहा वर्षे चालला. कसणाऱ्यांनी उपास काढले, जंगलातील लाकूडफाटा विकला. पण नांगर धरला नाही. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ च्या कूळ कायद्यात एक नवा इंग्रजी शब्दप्रयोग आला: 'प्रोटेक्टेड टेनंट', म्हणजे संरक्षित कूळ. 'टेनंट' हा शब्दही लॅटिनमधील 'तेनेरे', म्हणजे धरून ठेवणे, या धातूपासून आलेला आहे. पिढ्यान् पिढ्या जमीन धरून राहिलेल्या माणसाला कागदावर तिचा धरणारा म्हणून मान्यता मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने खोती संपली.

आपल्या वाचकांना फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने १६१६ च्या क्रिस्तपुराणात स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा येथल्या लोकांच्या तोंडचा शब्द स्वीकारला. त्यांची वाट इंग्रजीकडून मराठीकडे नव्हती आणि मोल्सवर्थची उलट दिशेची होती. तरी ज्या माणसांची ती भाषा, त्यांच्याकडून शब्दाचा अर्थ समजून घेण्याचे कष्ट दोघांनीही घेतले. आपली मुले आज इंग्रजी माध्यमात शिकतात. अर्ज, करार, नुकसानभरपाईचे कागद इंग्रजीतून पुढे येतात. तेथे जवळचा म्हणून कोणताही शब्द टाकून भागत नाही. 'खाजण' याला कोणी 'पडीक जमीन' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिला, तर तिच्यातील मासळी, चिंबोऱ्या व त्यांवर चालणारी घरे त्या एका शब्दाखाली गाडली जातील. आपल्या कायद्याने मात्र १९४८ साली आणि पुन्हा १९७९ साली 'खार' हा शब्द इंग्रजीतही 'खार'च ठेवला आहे.

त्या संध्याकाळी मुलीने 'फार्मर' खोडले. 'खोत' असेच रोमन लिपीत लिहून त्यापुढे दोन ओळींत तो कोण होता हे इंग्रजीत मांडले. मग तिने त्या ओळी मराठीत करून आजोबांना वाचून दाखविल्या. त्यांनी ऐकून घेतले आणि 'शेतकरी' हा शब्द आता कोणासाठी लिहिला आहेस, एवढेच विचारले. "तुमच्यासाठी, आजोबा," ती म्हणाली.