इंटरनेट जोडणी, घरगुती

घर व जागतिक संगणकजाल यांना जोडणाऱ्या संदेशमार्गाच्या अखेरच्या टप्प्यास घरगुती इंटरनेट जोडणी म्हणतात. हा टप्पा दूरध्वनीची तांब्याची जोडतार, केबल दूरचित्रवाणीची समाक्ष केबल, काचेचा प्रकाशीय तंतू, रेडिओ तरंग किंवा कृत्रिम उपग्रह यांपैकी कशानेही साधता येतो. निवड करताना वेग व दर यांची तुलना करण्याची रीत आहे. तथापि भारताचा गेल्या तीन दशकांचा अनुभव पाहता, दारापर्यंत कोणती तार आधीच आलेली होती व ती कोणाच्या मालकीची होती, यांवरूनच कुटुंबाची निवड बव्हंशी ठरत आली, असे दिसते.

भारतात १९८६ मध्ये सुरू झालेले ‘अर्नेट’ हे जाल शिक्षण व संशोधन संस्थांपुरते होते. सर्वसामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगम या तत्कालीन सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे सुरू केली. ही ‘डायल-अप’ जोडणी होय. तीत मोडेम हे उपकरण संगणकाच्या अंकीय संदेशाचे ध्वनिसंकेतांत रूपांतर करी आणि ते संकेत माणसाच्या बोलण्यासाठी राखलेल्या ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ या अरुंद पट्ट्यातून धाडी. आरंभीचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट एवढाच होता. पुढे तो जास्तीत जास्त ५६ किलोबिटपर्यंत गेला. इंटरनेट चालू असेतो दूरध्वनी अडकून राही आणि इंटरनेटचे तास व दूरध्वनीचे कॉल असा दुहेरी आकार पडे. ज्या काळी दूरध्वनीसाठीच अनेक गावांत वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागे, त्या काळी जोडणीचा प्रकार निवडण्याचा प्रश्नच उद्‌भवत नव्हता. नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले, पण त्याही त्याच सरकारी तारेवरून आपले तास विकू लागल्या. ग्राहकाला कंपनी निवडता आली, मार्ग नव्हे. प्रत्येकी ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या देणारी आयएसडीएन ही अंकीय दूरध्वनी सेवा महाग असल्याने मुख्यतः कार्यालयांपुरती राहिली.

दुसरी तार घरात आली, ती करमणुकीच्या निमित्ताने. १९९१ नंतर शहरांतून केबल दूरचित्रवाणी झपाट्याने पसरली. केबलवाल्याने गच्चीवरून गच्चीवर टाकलेली समाक्ष केबल दूरध्वनीच्या तारेपेक्षा कितीतरी अधिक माहिती वाहू शकते. मात्र ती एकाच दिशेने कार्यक्रम पोहोचविण्यासाठी टाकलेली असल्याने तिच्यावरील विवर्धक दुतर्फा करून घ्यावे लागतात. शिवाय एका केबलवरील सर्व घरे तिची क्षमता वाटून घेतात. त्यामुळे रात्रीच्या जेवणाच्या सुमारास वेग मंदावतो, ही तक्रार या पद्धतीत जन्मजातच आहे.

तांब्याच्या तारेला दुसरे आयुष्य मिळाले ते एडीएसएल या तंत्रामुळे. घरातील माणूस पाठवितो थोडे व मागवितो पुष्कळ, तेव्हा दोन्ही दिशांना सारखा वेग देण्याचे कारण नाही, ही जोसेफ लेचलाइडर या अमेरिकन अभियंत्याची कल्पना तिच्या मुळाशी आहे. संभाषणाच्या पट्ट्याच्या वर सु. १.१ मेगाहर्ट्‌झपर्यंतच्या कंप्रता वापरल्यामुळे एकाच तारेवर दूरध्वनी व इंटरनेट एकाच वेळी चालू लागले. केंद्रापासूनचे अंतर वाढले की वेग उतरतो आणि पावसाळ्यात सांध्यांत पाणी शिरल्यास जोडणी वारंवार तुटते, हे तिचे दोष होत.

केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट वेगाच्या, अखंड चालू राहणाऱ्या जोडणीस ब्रॉडबँड ठरविले (ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ किलोबिट व २०२३ मध्ये २ मेगाबिट झाली). दूरसंचार नियामक प्राधिकरणाने याच वर्षी सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा इतर सेवादात्यांना वापरू द्याव्यात, अशी शिफारस केली होती. धोरणाने ती न स्वीकारता परस्पर व्यापारी करारांवर सोपविली. या निर्णयाचे महत्त्व त्या काळी फारसे चर्चिले गेले नाही. पण देशातील सु. चार कोटी तारांवर स्पर्धा होऊ शकली असती, ती त्यामुळे टळली. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमने, तसेच मुंबई व दिल्लीत महानगर टेलिफोन निगमने, ही सेवा सुरू केली. भारत संचार निगमच्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ या वेळेतील वापर मोजला जात नसे. साहजिकच अनेक घरांतील संगणक रात्रभर जागे असत.

जेथे तार नव्हती तेथे बिनतारी मार्गाचा विचार झाला. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अशोक झुनझुनवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘कॉर-डेक्ट’ पद्धतीत संभाषण चालू असतानाही ३५ किलोबिट वेगाने इंटरनेट मिळे. तिचा प्रसार मर्यादितच राहिला. सप्टेंबर २०१६ नंतर चौथ्या पिढीच्या मोबाइल सेवेचे दर कोसळले आणि कोट्यवधी कुटुंबांनी घरगुती जोडणीचा टप्पा ओलांडून थेट हातातील दूरध्वनीच स्वीकारला.

प्रकाशीय तंतूत विद्युत् प्रवाह नसल्याने ओल व विजेचा व्यत्यय त्याला बाधत नाही. प्रचलित जीपॉन पद्धतीत केंद्रातून निघालेला एक तंतू ३२ किंवा ६४ घरांत विभागला जातो व घराकडे येणारा सु. २.५ गिगाबिटचा वेग ती घरे वाटून घेतात. जुना दूरध्वनी केंद्राकडूनच वीज घेई. तंतूचे उपकरण मात्र घरच्या विजेवर चालते. म्हणून जेथे भारनियमन असते, तेथे बॅटरीची सोय करावी लागते. मालकीचा जुना प्रश्न येथेही सुटलेला नाही : गृहनिर्माण संस्थेने एकाच कंपनीस जिन्यातून तंतू नेऊ दिला, तर रहिवाशांना अन्य पर्याय नावापुरतेच उरतात. ग्रामीण भागासाठी ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेली, पुढे ‘भारतनेट’ नावाने ओळखली जाणारी योजना मुळात तंतू ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची होती. तेथून वाडीवस्तीवरील घरापर्यंतचे अंतर हीच खरी अडचण ठरली.

अशा ठिकाणी उपग्रह हा उपाय सुचविला जातो. ३५,७८६ किमी. उंचीवरील भूस्थिर उपग्रहाद्वारे प्रश्न जाऊन उत्तर येण्यास सु. अर्धा सेकंद लागतो व संभाषणात तो जाणवतो. सु. ५५० किमी. उंचीवरील उपग्रहसमूहांत हा विलंब बराच कमी होतो. अशा सेवेसाठी स्टारलिंक या कंपनीला भारत सरकारने जून २०२५ मध्ये परवाना दिला.