जिभेने टाकलेला काळ

‘तो गेला’ हे फ्रेंच विद्यार्थ्याला दोन प्रकारे शिकावे लागते. ‘इल ए पार्ती’ हे बोलण्यातले. ‘इल पार्ती’ हे केवळ ग्रंथातले. १८४२ मध्ये बेशरेल बंधूंनी क्रियापदरूपांची कोष्टके ग्रंथरूपाने सिद्ध केली. त्यांच्या नावाचे पुस्तक आजही फ्रेंच दप्तरात असते. ठीक शंभर वर्षांनी, १९४२ मध्ये, अल्बेर काम्यू यांची प्रामुख्याने बोलण्यातल्या भूतकाळात लिहिलेली ‘लेत्राँजे’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तथापि जुने रूप पाठ्यक्रमातून गेले नाही. बव्हेरियात घरोघरी ‘एर इस्ट गेगांगन’ म्हणतात. ‘एर गिंग’ क्वचितच. परंतु ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या कथासंग्रहात हा साधा भूतकाळच पानोपानी भेटतो. जिभेने टाकलेले ग्रंथांनी जपले. ते न शिकणाऱ्याला पूर्वजांचे कपाट बंदच राहते.