हजेरीची वही आणि आजारी मूल : मळ्यापासून रोल्लापर्यंत

आगमन-शताब्दीच्या स्मरणिकेत पूर्वजांची जहाजे, करारपत्रे, ऊसमळे आणि देवळे यांवर लेख असणे साहजिकच आहे. हजेरीच्या वहीवर मात्र सहसा कोणी लिहीत नाही. गिरमिटियाच्या घरावर ज्या कागदांनी अंमल गाजवला त्यांत करारपत्राच्या खालोखाल ही वहीच येते. करारावर अंगठा एकदाच उठला. वहीत नाव रोज पुकारले गेले. पुढे त्याच घरातली मुले शाळेत जाऊ लागली आणि तिथेही एक हजेरीपट समोर आला. दोन्ही वह्यांपुढे प्रश्न एकच होता : माणूस आजारी पडला, तर त्याच्या नावापुढे काय लिहायचे?

हा प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु आजारपण हा गुन्हा मानायचा की कारण मानायचे, यावर मजुराचा पगार अवलंबून होता आणि मुलाचे शिक्षणही. आज शारजाच्या रोल्ला भागात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनाही मुलाला ताप आला की हाच प्रश्न पडतो. म्हणून त्याचा इतिहास थोडक्यात मांडत आहे.

मळ्यावरची हजेरी

मॉरिशसला १८३४ पासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतले मराठी भाषक होते. मळ्यावर त्यांचा दिवस पहाटेच्या हजेरीने सुरू होई. जो हजर नाही त्याचा त्या दिवसाचा पगार बुडणे समजण्यासारखे आहे. परंतु तिथे ‘डबल कट’ नावाची रीत होती. परवानगीशिवाय एक दिवस गैरहजर राहिले, की दोन दिवसांचा पगार कापला जाई. १८४० च्या दशकात ही रीत कायद्यात बसली आणि १९०९ मध्ये रद्द होईपर्यंत दोन-तीन पिढ्यांनी ती सोसली.

कागदावर आजारपणाला सूट होती. मोठ्या मळ्यांवर इस्पितळ ठेवण्याचे बंधनही होते. अडचण अशी, की आजार खरा की कामचुकारपणा याचा पहिला निवाडा सरदाराच्या आणि मालकाच्या हाती असे. ज्याला पगार वाचवायचा, त्यानेच दुखणे तपासायचे, असा तो न्याय होता. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ यांच्या पुढाकाराने ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यानंतर इंग्लंडहून आलेल्या शाही आयोगाने मळ्यांवरचे पगार, कपाती आणि इस्पितळे यांची चौकशी केली आणि १८७५ मध्ये अहवाल दिला. मळ्याची वही मालकाखेरीज दुसऱ्या कोणी उघडून पाहण्याचा तो मोठा प्रसंग होता.

ताप आणि पाणथरी

याच काळात बेटावर हिवताप आला. १८६६ ते १८६८ या वर्षांत त्याने हजारो माणसे नेली. पोर्ट लुईस शहर तर ओस पडल्यासारखे झाले, आणि ज्यांना शक्य होते ते उंचावरच्या थंड भागात राहायला गेले. मळ्यावरच्या मजुराला हलता येत नव्हते. साथ ओसरली तरी हिवताप बेटावर ठाण मांडून राहिला.

हिवताप डासामार्फत पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस १९०७-०८ मध्ये मॉरिशसला गेले. एखाद्या वस्तीत हिवताप किती मुरला आहे हे पाहण्यासाठी त्यांनी मुलांची पोटे चाचपून प्लीहा, म्हणजे आपल्या आजीच्या भाषेत पाणथरी, वाढली आहे का ते तपासले. सुमारे ३१ हजार मुलांच्या त्या पाहणीत साधारण दर तिघांमागे एकाची पाणथरी वाढलेली आढळली.

हा आकडा शाळेच्या बाजूने पाहावा. हिवताप एकदा येऊन जात नाही. तो दिवसाआड किंवा दोन दिवसांआड थंडी भरून येतो आणि महिनोन्‌महिने परततो. अशा मुलाचे नाव शाळेत घातले, तरी त्याची हजेरी सलग राहणे अवघडच. त्यामुळे ‘मजुरांना शिक्षणाची गोडी नाही’ असे कोणी म्हटले, तर वाढलेल्या पाणथऱ्या आधी मोजाव्या लागतात. गव्हर्नर हिगिन्सन यांनी १८५० च्या दशकात मुलांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून पाहिला होता, पण मळेवाल्यांच्या विरोधापुढे तो तगला नाही. मळ्याला मुलांचेही हात हवे होते. पुढे १९४९ ते १९५१ या काळात डीडीटी फवारणीची मोठी मोहीम झाली आणि १९७३ मध्ये मॉरिशस हिवतापमुक्त म्हणून नोंदले गेले. मुलांच्या हजेरीवर या फवारणीचे उपकार किती, हे सांगायला आकड्यांची गरज नाही.

मार्च १९१२ : पंधरा दिवसांत दोन पराभव

आपल्या इतिहासाचे हे दोन धागे, मळा आणि शाळा, एका मराठी माणसाच्या हातात एकाच महिन्यात आले. गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म १८६६ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावचा. ज्या जिल्ह्यातून मजूर जहाजावर चढले, त्याच जिल्ह्यातला हा माणूस कलकत्त्याच्या व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसत होता. नाताळला मजूर पाठवणे थांबवावे हा त्यांचा ठराव १९१० मध्ये मान्य झाला होता. ४ मार्च १९१२ रोजी त्यांनी गिरमिटाची संपूर्ण पद्धतच बंद करावी असा ठराव मांडला. २२ सभासदांनी पाठिंबा दिला, पण सरकारी मतांच्या जोरावर तो फेटाळला गेला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, १९ मार्चला, त्यांचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. हे विधेयक फार सावध होते. सहा ते दहा वयाच्या मुलग्यांपुरती सक्ती, तीही ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला हवी असेल तिथेच, आणि महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाला फी माफ. सक्ती म्हटली की गैरहजेरीचा प्रश्न येतोच. त्यासाठी गोखल्यांनी वाजवी कारणाची सवलत ठेवली होती : आजारपण, घरातली अडचण आणि शेतीचा हंगाम. ज्याने कोकणात भाताची लावणी पाहिली आहे, त्यालाच ही तिसरी सवलत सुचणार.

आजारपणाची सवलत इंग्लंडच्या १८७० च्या शिक्षण कायद्यातही होती. मूल आजारी असणे किंवा टाळता न येणारी अडचण असणे हे तिथे पालकाचे वाजवी कारण धरले जाई. इंग्लंडच्या कायद्याने इंग्लंडमधल्या मुलाला दिलेली ही सवलत त्याच राज्याच्या ऊसमळ्यावर मात्र सरदाराच्या मर्जीवर सोडलेली होती. गोखले एका महिन्यात दोन्हीकडे हरले. पण मळ्याची वही बंद करा आणि शाळेची वही उघडा, आणि उघडताना तीत आजारी मुलासाठी जागा ठेवा, ही मागणी इतक्या स्पष्टपणे एकाच माणसाने मांडल्याचे दुसरे उदाहरण आपल्या इतिहासात सापडणे कठीण.

पुढे दोन्ही गोष्टी घडल्या. १९१७ मध्ये गिरमिटाची भरती थांबली. त्याच वर्षी कोल्हापुरात शाहू महाराजांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे पाऊल उचलले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केलेली सक्ती १९०६ पर्यंत सगळ्या संस्थानात नेली होती. आणि या सर्वांच्या आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा असे निवेदन दिले होते. सक्तीमागे राज्यकर्त्याची आस्था असेल तर दंडाचा रुपयाही मुलाच्या बाजूने काम करतो. मळ्यावरची सक्ती मालकाच्या बाजूने होती. फरक इतकाच, पण तो सगळा आहे.

रोल्लातील आजची वही

रोल्ला हे नाव एका वडाच्या झाडावरून पडले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लावलेले ते झाड शारजाच्या लोकांच्या भेटीगाठींची आणि सणांची जागा होते. १९७८ मध्ये ते पडले, आणि आता तिथला चौक व बाग त्याची आठवण सांगतात. भोवती दुकाने, बसथांबे आणि भारतीय कुटुंबांनी भरलेल्या इमारती आहेत. सकाळी शाळेच्या बसची वाट पाहणारी मुले इथे मराठी, मल्याळम, हिंदी, उर्दू सगळे एकाच दमात बोलतात.

इथल्या मुलांना दोन प्रकारच्या हजेरीचे नियम लागू पडू शकतात. भारतीय शाळांत सीबीएसईची परीक्षा असेल तर दहावी-बारावीला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. आजारपणाने ती कमी पडली, तर शाळेमार्फत कागदपत्रांसह बोर्डाकडे सवलत मागता येते. साधारण १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ होऊ शकते. ६० टक्क्यांच्याही खाली गेलेल्या मुलाचा विचार कर्करोग, क्षय अशा दीर्घ इस्पितळवासाच्या दुखण्यातच होतो.

दुसरा नियम देशाच्या शिक्षण मंत्रालयाचा. मंत्रालयाच्या अभ्यासक्रमाच्या शाळांसाठी २०२५-२६ च्या नियमावलीत, विनाकारण गैरहजेरी वर्षात १५ दिवसांवर गेली तर मुलाला तोच वर्ग पुन्हा करावा लागू शकतो. शुक्रवारी किंवा सार्वजनिक सुट्टीला लागून असलेल्या दिवशी विनाकारण न आल्यास एका दिवसाचे दोन दिवस धरले जातात. शारजात २०२२ पासून शुक्रवार सुट्टीचाच असल्याने इथे प्रश्न उरतो तो मुख्यतः सुट्टीलगतच्या दिवसांचा. खासगी भारतीय शाळांचे नियम आपापले असतात. ते शाळेच्या पुस्तिकेत पाहावेत.

एका दिवसाचे दोन दिवस! गिरमिटियाच्या पणतूच्या कानाला हे शब्द टोचल्याशिवाय राहणार नाहीत. पण इथे इतिहास नीट वापरायला हवा. मळ्यावर दुसऱ्या दिवसाचा पगार मालकाच्या खिशात जाई. शाळेच्या नियमात कोणाचा फायदा नाही. सुट्टीला जोडून परस्पर दांडी मारण्याची सवय मोडावी एवढाच हेतू आहे. आणि मुख्य म्हणजे, डॉक्टरच्या दाखल्यासह कळवलेले आजारपण विनाकारण गैरहजेरीत मोडत नाही. ज्या निवाड्याचा अधिकार एके काळी सरदाराकडे होता, तो आता डॉक्टरकडे आहे.

मात्र दाखला आपोआप मिळत नाही. त्यासाठी आई किंवा बाबांना कामावरून निघावे लागते, दवाखान्याची फी भरावी लागते, आणि ज्यांचा पगार तासावर किंवा रोजावर आहे त्यांना ताप आलेल्या मुलाची किंमत दोनदा मोजावी लागते. अशा घरात ‘क्रोसिन देऊन पाठवू’ असे वाटणे समजण्यासारखे आहे. तरीही तसे करू नये. औषध न देता २४ तास ताप नसेल तेव्हाच मुलाला पाठवावे. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत आणि गोवरात पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस मुलाने घरी राहावे. बसमधल्या शेजारच्या मुलाच्या घरीही एक हजेरीपट आहे.

बाकीचे काम कागदाचे. मूल आजारी असेल त्याच सकाळी वर्गशिक्षकांना लेखी कळवावे. फोनवरचे बोलणे वहीत उतरत नाही. दाखल्यावर मुलाचे पूर्ण नाव, विश्रांतीच्या तारखा आणि डॉक्टरचा शिक्का आहे ना, हे दवाखान्यातच पाहावे. तो किती दिवसांत द्यायचा ते शाळेला विचारावे आणि प्रत घरी ठेवावी. दर महिन्याला हजेरीचा आकडा तपासावा. दमा, फेफरे, थॅलेसेमिया असे कायमचे दुखणे असेल, तर वर्षाच्या आरंभीच शाळेला लेखी सांगावे. टक्के घसरल्यावर सांगितलेले कारण सबबीसारखे वाटते. आणि नोंद चुकली असेल तर ती दुरुस्त करून मागण्यात संकोच बाळगू नये.

हा संकोच आपल्याकडे जुना आहे. वहीत जे लिहिले ते लिहिले, असे मानायची सवय मळ्यावर लागली. तिथे उलटून विचारणे म्हणजे उद्धटपणा ठरत असे. तरीही १८७१ मध्ये ९,४०१ जणांनी विचारले. त्यांपैकी बहुतेकांना सही करता येत नसेल, आपल्याला ती येते. आजारी मुलाच्या नावापुढे योग्य शब्द लिहिला गेला आहे ना, हे पाहण्यासाठी ती वापरणे हे त्या अंगठ्यांचे ऋण आहे.