ईमेल सर्व्हरचा डेटाबेस करप्ट झाला तर जुने मेल परत मिळतात का?

शिरूर तालुक्यातील रांजणगाव एमआयडीसीत वाहने आणि घरगुती विजेच्या उपकरणांचे कारखाने आहेत, तर दौंड तालुक्यातील कुरकुंभ एमआयडीसी रासायनिक उद्योगांसाठी ओळखली जाते. अशा ठिकाणी खरेदीची ऑर्डर, ड्रॉइंग, तपासणी अहवाल, थकलेल्या बिलाचा पाठपुरावा असे बरेच काही मेलवर चालते. ज्या कंपनीचा मेल सर्व्हर क्लाउडवर नसून स्वतःच्या ऑफिसात असतो, तिची कित्येक वर्षांची ही नोंद मोजक्या डेटाबेस फाइलमध्ये असते. अशी फाइल उघडेनाशी झाली की त्यातले सगळे मेलबॉक्स एकदम बंद पडतात. पण फाइल उघडत नाही म्हणजे मेल गेले, असे नाही. अनेकदा ते कायमचे जातात ते घाईने केलेल्या दुरुस्तीमुळे.

मेल साठवले कसे जातात?

मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज सर्व्हरमध्ये मेल 'ईडीबी' प्रकारच्या फाइलमध्ये राहतात. नवा मेल आला की त्याची नोंद आधी लॉग फाइलमध्ये होते, मग सवडीने मुख्य डेटाबेसमध्ये. दुकानदार आधी रोजकीर्द लिहितो आणि नंतर खातेवहीत उतरवतो, तसेच हे. एक्सचेंज २००७ पासून प्रत्येक लॉग फाइल १ एमबीची असते.

बिघाड कोणते?

पहिला प्रकार 'डर्टी शटडाउन'. वीज गेली, यूपीएसची बॅटरी संपली आणि सर्व्हर अचानक बंद पडला, तर लॉगमधल्या काही नोंदी डेटाबेसमध्ये उतरायच्या राहतात. अशा वेळी फाइल सहसा खराब झालेली नसते, अपुरी असते.

दुसरा प्रकार गंभीर आहे. हार्ड डिस्क किंवा कंट्रोलरच्या दोषामुळे फाइलची काही पाने चुकीची लिहिली जातात. पान वाचताना त्याची पडताळणी जुळली नाही तर -१०१८ ही एरर दिसते.

पुण्याहून तंत्रज्ञ येईपर्यंत काय करावे?

सर्व्हर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नये. डिस्क भरली म्हणून लॉग फाइल डिलीट करू नयेत; मेल परत मिळवण्याचा आधार त्याच असतात. अँटीव्हायरसने एखादी लॉग फाइल बाजूला टाकली आहे का, ते पाहावे. डेटाबेस, लॉग आणि चेकपॉइंट या सगळ्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवरच करावेत.

दुरुस्तीचा योग्य क्रम

१. एक्सचेंजसोबत येणाऱ्या 'ईएसईयूटिल' या साधनाने डेटाबेसची स्थिती तपासतात. कोणत्या लॉग फाइल लागतील, हे त्यात कळते.

२. त्या सगळ्या लॉग शाबूत असतील तर राहिलेल्या नोंदी डेटाबेसमध्ये उतरवतात. याला सॉफ्ट रिकव्हरी म्हणतात. यात सहसा एकही मेल जात नाही.

३. लॉग गहाळ असतील किंवा फाइलच खराब असेल तर शेवटचा बॅकअप परत आणतात आणि त्यानंतरचे लॉग त्यावर चढवतात. मात्र 'सर्क्युलर लॉगिंग' चालू असेल तर जुने लॉग पुसले गेलेले असतात आणि बॅकअपनंतरचे मेल या मार्गाने मिळत नाहीत.

४. बॅकअपही नसेल तरच 'हार्ड रिपेअर'. हे साधन न वाचता येणारी पाने काढून टाकते, म्हणजे त्यातले मेल गेलेच. त्यानंतर मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवावे लागतात.

काम थांबू नये म्हणून तात्पुरता रिकामा डेटाबेस सुरू करून नवे मेल घेता येतात आणि जुने मेल नंतर त्यात मिसळता येतात. पण त्याआधी कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरील आउटलुकच्या 'ओएसटी' फाइलींची प्रत घ्यावी. सर्व्हरवर न मिळालेले मेल कधी कधी तिथे सापडतात.

कायद्याच्या दृष्टीने

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. वाद झाला तर माल मिळाल्याचा मेल मोठा पुरावा ठरू शकतो. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार असा इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावे लागते, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही असते. म्हणून मूळ फाइल हात न लावता जपणे महत्त्वाचे.

फाइलींची नावे बदलली असतील आणि खंडणीची चिठ्ठी दिसत असेल तर तो बिघाड नसून रॅन्समवेअर हल्ला आहे. २०२२ च्या निर्देशांनुसार त्याची माहिती सर्ट-इनला ६ तासांत द्यावी लागते.

पुन्हा असे होऊ नये म्हणून

डेटाबेस आणि लॉग वेगळ्या डिस्कवर ठेवावेत. यूपीएस संपण्याआधी सर्व्हर आपोआप नीट बंद होईल, अशी सोय करावी. बॅकअपची एक प्रत कारखान्याबाहेर ठेवावी आणि दर काही महिन्यांनी ती उघडून पाहावी. एक्सचेंज २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. अजून तेच वापरणाऱ्यांनी सर्व्हर बदलण्याआधी पूर्ण बॅकअप घेऊन तो तपासावा.