मुतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त काय सांगते?

अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. कडक उन्हाळा आणि उन्हातली शेतीची कामे यांमुळे येथे मुतखड्याची तक्रार नवी नाही. मात्र सारा दोष खाऱ्या पाण्याच्या माथी मारणे योग्य नव्हे. कमी पाणी पिणे आणि त्यामुळे दाट होणारी लघवी ही मोठी कारणे आहेत.

मूत्रपिंडातील मोठा खडा पाठीतून लहान छिद्र पाडून दुर्बिणीने काढतात. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये प्रथम झालेली ही शस्त्रक्रिया 'पीसीएनएल' या नावाने ओळखली जाते. खडा फुटताना त्यात दडलेले जंतू व त्यांची विषे मोकळी होतात आणि आत सोडलेल्या पाण्याच्या दाबाने रक्तात शिरू शकतात. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा ३६ च्या खाली, नाडी ९० हून अधिक, श्वास मिनिटाला २० हून अधिक, पांढऱ्या पेशी १२,००० हून अधिक किंवा ४,००० हून कमी. यांपैकी दोन लक्षणे दिसली की शरीरव्यापी दाह मानला जातो. बहुतेक रुग्ण यातून सावरतात. काहींना मात्र जीवघेणा सेप्सिस होतो.

हे रुग्ण आधीच ओळखता येतील काय? तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होणाऱ्या साध्या सीबीसी तपासणीत याचा एक धागा सापडतो. न्यूट्रोफिल पेशींच्या संख्येला लिम्फोसाइटच्या संख्येने भागले असता येणारे गुणोत्तर शस्त्रक्रियेपूर्वीच वाढलेले असेल, तर धोका अधिक संभवतो. सर्वमान्य मर्यादा मात्र अद्याप ठरलेली नाही. 'सीआरपी' शस्त्रक्रियेच्या जखमेनेही वाढते, म्हणून एकट्या त्या आकड्यावर विसंबता येत नाही. प्रोकॅल्सिटोनिन जंतुसंसर्गाबाबत अधिक नेमके, पण महाग. शस्त्रक्रियेनंतर दोनेक तासांत पांढऱ्या पेशी एकदम घटणे हा विशेष गंभीर इशारा होय. पेशी कमी म्हणजे संसर्ग नाही, हा समज येथे घातक ठरतो.

शस्त्रक्रियेपूर्वीचे लघवीचे कल्चर अनिवार्यच, परंतु ते निर्दोष असूनही खड्यात जंतू असू शकतात. म्हणून काढलेल्या खड्याचेही कल्चर करणे उपयुक्त ठरते. त्याचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर रुग्ण तेल्हारा, दर्यापूर वा धारणीकडे परतलेला असू शकतो. घरी थंडी वाजून ताप आला, लघवी कमी झाली किंवा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात आणावे लागते.