हंगुल लिपी आणि लोकभाषेतील धम्म

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दोन ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्खू बंधूंचा प्रसंग आला आहे. नाना कुळांतून, नाना जातींतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन भ्रष्ट करतात, म्हणून ते छंदस् भाषेत बांधावे, अशी त्यांची विनंती होती. तथागतांनी ती धुडकावून लावली. आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची अनुज्ञा त्यांनी दिली. बुद्धघोषाचार्यांनी येथे ‘आपली भाषा’ म्हणजे मागधी असा अर्थ लावला; आम्हांस तो प्रसंगाशी विसंगत वाटतो. या अनुज्ञेचे स्मरण कोरियाचा इतिहास वाचताना वारंवार होते.

कोरियात बौद्ध धम्म इ. स. ३७२ मध्ये पोहोचला, तो चिनी ग्रंथांच्या द्वारे. पुढे हाएइन्सा विहारात जतन झालेले त्रिपिटकाचे ८१,२५८ लाकडी मुद्राफलकही चिनी अक्षरांतच कोरलेले आहेत. कोरियन भाषेची घडण चिनीहून सर्वस्वी भिन्न; तेव्हा सहस्रावधी चिनी अक्षरे घोकण्यास ज्यास सवड आणि साधन, तोच साक्षर. शेतकरी, स्त्रिया, दास यांच्यासाठी धम्म ऐकण्यापुरताच राहिला.

चोसन घराण्याचा राजा सेजोंग याने १४४३ मध्ये २८ अक्षरांची नवी लिपी सिद्ध केली व १४४६ मध्ये ती प्रजेस दिली. आपले मनोगत लिहिता न येणाऱ्या सामान्य जनांसाठी ही अक्षरे आहेत, असे त्याने प्रस्तावनेतच नमूद केले. या लिपीची रचना विलक्षण आहे. ‘क’चे चिन्ह जिभेचे मूळ घशाकडे उचलल्याचा आकार दाखविते, ‘न’चे जिभेचे टोक वर टेकल्याचा, ‘म’चे मुखाचा. स्वरांची मूळ चिन्हे आकाश, पृथ्वी व मानव यांची प्रतीके होत. उच्चारस्थानांनुसार वर्णांचे वर्ग पाडण्याची दृष्टी चिनी ध्वनिशास्त्रातून आली, आणि त्या शास्त्रास भारतीय वर्णविचाराचा परिचय घडविला तो बौद्ध भिक्खूंनी. मात्र यावरून हंगुल ही नागरीची कन्या ठरविण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. अक्षरांचे आकार कोरियाचेच आहेत.

१४४४ मध्ये छ्वे मान-री या दरबारी पंडिताने इतर विद्वानांसह विरोधाचे निवेदन सादर केले. चिनी अक्षरे सोडून स्वतःची लिपी करणे हे मंगोल, तिबेटी, जपानी अशा रानटी लोकांचे लक्षण होय, असा त्याचा आक्षेप होता. ज्ञान सुलभ झाल्यास ते हीन होते, हा युक्तिवाद आमच्या वाचकांस अपरिचित नाही.

येथे एक विसंगती ध्यानी घ्यावी लागते. चोसन राजवट कन्फ्यूशियन मताची, बौद्धविरोधी. स्वतः सेजोंगनेच १४२४ मध्ये बौद्ध संप्रदाय दोनवर आणून मान्यताप्राप्त विहार ३६ पुरते मर्यादित केले. तरी १४४६ मध्ये राणी सोहन निवर्तली, तेव्हा तिच्या पुण्यस्मरणार्थ राजपुत्र सुयांगने ‘सकबो-सांगजोल’ हे बुद्धचरित्र नव्या लिपीत १४४७ मध्ये सिद्ध केले. ते वाचून सेजोंगने स्वतः बुद्धस्तुतिपर गीते रचली. सहस्र नद्यांत उमटलेले चंद्रबिंब, असा त्यांच्या शीर्षकाचा आशय. या ग्रंथाच्या छपाईत हंगुल अक्षरे मोठी व चिनी अक्षरे त्यांखाली लहान आहेत. राजपुत्राच्या चरित्रग्रंथात हा क्रम उलटा होता. पुढे सुयांग सेजो नावाने राजा झाला. त्याने १४६१ मध्ये सूत्रभाषांतराचे खास कार्यालय स्थापिले आणि सद्धर्मपुंडरीक, वज्रच्छेदिका इत्यादी सूत्रे लोकभाषेत आली. ते कार्यालय १४७१ मध्ये बंद पडले.

त्यानंतर दीर्घ काळ ओसाडीचा गेला. १५०४ मध्ये राजा यनसान याने आपल्या निंदेची पत्रके हंगुलमध्ये लागल्याने लिपीच्या वापरावर बंदी घातली. उच्चवर्णीय तिला स्त्रियांची लिपी म्हणून हिणवीत. स्त्रियांनीच ती जगविली. भिक्खूंना राजधानीत प्रवेश मिळण्यास १८९५ उजाडावे लागले. १९१९ च्या स्वातंत्र्यघोषणेवर सही करणारे भिक्खू पेक योंगसंग तुरुंगातून सुटल्यावर १९२१ मध्ये सूत्रांच्या लोकभाषांतरासाठी मंडळ स्थापून कामास लागले. १९६४ मध्ये दोंगगुक विद्यापीठात भाषांतर केंद्र निघाले आणि २००१ मध्ये ३१८ खंडांचे हंगुल त्रिपिटक पूर्ण झाले.