कोतवाल बुकातील नोंद आणि खासगीपणाची कल्पना

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपुरापासून वेगळा झाला व पुढे दीर्घकाळ मध्यप्रांतात मोडत असे. या प्रांतातील खेड्यांत जन्ममृत्यूची वर्दी पोलीस ठाण्यावर देण्याचे काम गावच्या कोतवालाकडे होते. ज्या पुस्तकात ही नोंद होई त्यास लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. तीत नाव, बापाचे नाव, जात आणि मृत्यू असल्यास त्याचे कारण लिहिले जाई. पटकी, देवी, ताप यांनी किती माणसे दगावली हे सरकारास कळावे, हा तिचा हेतू होता.

आज या बुकास वेगळेच महत्त्व आले आहे. जातीचा दाखला व त्याची पडताळणी यांसाठी पूर्वजांच्या नोंदीची नक्कल हा मोलाचा पुरावा ठरतो. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही मानीव तारीख असल्याने जुनी नोंद शोधणे भाग पडते. आजोबांच्या मृत्यूची एक ओळ नातवाला महाविद्यालयाचे दार उघडून देते. सबब या नोंदी जतन झाल्याच पाहिजेत, याविषयी दुमत नसावे.

प्रश्न आहे तो त्या कोणी व कशा पाहाव्यात हा. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामानिमित्त कुणबी नोंदींचा राज्यभर शोध झाला आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर जुनी पाने आली. अर्जदारास हवी असते एक ओळ. पानावर मात्र शेजारच्या घरांचीही जात व दुखणी असतात. पूर्वी अर्ज, नक्कल-फी व कारकुनाचा शोध यांमुळे आपोआप आडपडदा राही. तो आता उरला नाही.

‘खासगी’ हा शब्द येथे उद्बोधक आहे. पेशवाईत खासगी म्हणजे धन्याचा स्वतःचा खर्च व उत्पन्न, दौलतीच्या हिशेबाहून निराळे. म्हणजे खासगी ही थोरांची मत्ता होती. रयतेची खासगी दप्तराला ठाऊक नव्हती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात तो प्रत्येकाचा मूलभूत हक्क ठरविला.

कायद्यात मात्र एकवाक्यता नाही. १९४८ चा जनगणना कायदा कुटुंबाच्या नोंदी पाहू देत नाही, पुराव्यातही घेऊ देत नाही. उलट २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, केंद्राने अधिसूचित केलेल्या सरकारी नोंदवह्या व पुस्तके यांतून अंकीय रूपात आणलेली माहिती दाखले व सवलती देण्यासाठी वापरण्यास शासनास मुभा देतो. ही मुभा दाखल्यापुरती आहे. पान सर्वांपुढे मांडण्याची नव्हे.

तेव्हा अर्जदारास त्याच्या घराण्याची ओळ मिळावी आणि शेजारच्या ओळी झाकलेल्या राहाव्यात, एवढी व्यवस्था अवघड नाही. ज्यांनी कोतवालाला घरातील मृत्यू सांगितला, त्यांनी तो जगाला सांगितला नव्हता.